गोड रस, आंबट रस आणि कायदा

बेल्जम देशाच्या फ्लँडर्स प्रांतात थंडीच्या दिवसांत काळसर तांबूस रंगाची, आंबट आणि जोरदार अशी एक बिअर पितात. रोसेलारे गावी रोडेनबाख घराण्याने १८२१ साली काढलेल्या कारखान्यात या जातीची बिअर ओक लाकडाच्या माणूसभर उंचीहून मोठ्या पिंपांत दीड-दोन वर्षे मुरत ठेवतात आणि मग जुनी व कोवळी एकत्र करून बाटलीत भरतात. किण्व साखरेचा मद्यार्क करते, दह्यात असतात तसले जंतू तिला आंबटपणा देतात, आणि लाकडाच्या भेगांतून झिरपणारी हवा थोडासा शिरक्याचा झणका देते. जाणकार तिच्यात मनुका, करपवलेली साखर आणि जुन्या लाकडाचा वास शोधतात. या सर्व बिअरी तीव्र असतात असे नव्हे. पण हिवाळ्यासाठी मुद्दाम केलेल्या प्रकारांत मद्यार्काचे प्रमाण शेकडा ८ ते १० पर्यंत चढते.

देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या आमच्या वाचकांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्हां वकिलांस पेल्यापेक्षा पेल्यावर उमटलेली कायद्याची मुद्रा अधिक दिसते, एवढेच आमचे उत्तर आहे. बेल्जममध्ये २९ ऑगस्ट १९१९ रोजी एक कायदा झाला. त्याचे जनक एमिल व्हांडरवेल्डे हे समाजवादी पुढारी, त्या वेळचे न्यायमंत्री आणि स्वतः कायदेपंडित. या कायद्याने सार्वजनिक पानगृहांतून ऊर्ध्वपातित दारू विकण्यास बंदी केली. दुकानातून ती घ्यावयाची तर एका वेळी निदान दोन लिटर घ्यावी लागे, म्हणजे मजुराच्या खिशाबाहेरची गोष्ट. बिअर मात्र मोकळी राहिली. परिणाम असा झाला की, दारूची ऊब ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी कारखानदार बिअरच अधिक तीव्र करू लागले. आंबटपणा जुन्या परंपरेचा होता, पण आज नावाजलेल्या कित्येक बेल्जमी बिअरींच्या तीव्रतेत या कायद्याचा वाटा मोठा आहे. पानगृहांवरील ती बंदी १९८३ पर्यंत टिकली.

सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या उधन्यात ही बिअर चाखता यावयाची नाही. तापीच्या खोऱ्यातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग मुंबईच्या मार्गापासून जेथे फुटतो ते हे गाव. एके काळी चोऱ्यासी तालुक्यातील खेडे, आज महानगराचा भाग. आणि यंत्रमागांच्या पाठोपाठ आलेल्या खानदेशी कुटुंबांमुळे येथे अहिराणी आणि मराठी गुजरातीइतकीच सहज कानी पडते. गुजरातेत दारूबंदी आहे. पण फ्लँडर्सच्या पिंपात जे तीन व्यापार दोन वर्षे चालतात, तेच तिन्ही याच पंचक्रोशीत मातीच्या गाडग्यात एका दिवसात उरकत आलेले आहेत. ते गाडगे ताडीचे.

ताड आणि खजुरी, म्हणजे आपली शिंदी, ही सुरत जिल्ह्याची जुनी झाडे. शिंदीचा हंगाम थंडीचा. संध्याकाळी शेंड्याखाली छेद देऊन गाडगे बांधावे आणि दिवस उगवण्यापूर्वी उतरवावे, ही रीत. उतरवलेला रस दुधाळ पाण्यासारखा आणि गोड असतो. त्यात साखर सुमारे शेकडा १० ते १२. हवेतील व गाडग्याला चिकटलेली किण्वे लगेच कामाला लागतात. काही तासांत रस फसफसतो, दुपारपर्यंत मद्यार्क शेकडा ४-५ पर्यंत जातो, आंबटपणा वाढतो, आणि आणखी ठेवल्यास शिरका होतो. थंडी हा व्यापार मंदावते, म्हणूनच हा रस हिवाळ्याचा. इंग्रज वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी १६१६ साली सुरतेच्या बंदरात उतरला. त्याने लिहून ठेविले आहे की हा रस पहाटे घेतला तर उत्तम पांढऱ्या द्राक्षमद्यासारखा लागतो, आणि ऊन लागल्यावर डोक्यात जाणारा व अपायकारक होतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या पाद्र्याच्या निरीक्षणात रसायनशास्त्राला आजही दुरुस्ती सुचवावी लागत नाही.

गोव्याच्या वाचकांस हे नवे नाही. तेथे रेंदेर माडावर चढतो, सूर उतरवतो. त्याच सुरेवर सान्नांचे पीठ फुगत आले, तिचाच शिरका स्वयंपाकघरात गेला. पिणे हा त्या रसाचा एक उपयोग होता, एकमेव नव्हे.

या गाडग्यावर सरकारची नजर पूर्णपणे वळली ती १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने. त्यापूर्वीही मक्ते होते, पट्ट्या होत्या. पण चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या हाताखाली जी व्यवस्था उभी राहिली तिचा हेतू एकच, की गावठी भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या कारखान्यांत आणावे, विक्री मक्तेदारांकडे द्यावी आणि प्रत्येक छेदलेल्या झाडावर कर बसवावा. ताडी स्वस्त राहिली तर माणूस महाग दारू का घेईल? म्हणून झाडावरचा कर चढवीत नेला. १८९२ साली मोहाच्या फुलांवरही स्वतंत्र कायदा झाला. फूल वेचणारा आदिवासी त्यामुळे गुन्हेगारीच्या कक्षेत आला, हे त्या वेळच्या कायदेकर्त्यांस खुपलेले दिसत नाही. सौम्य व घरगुती पेय महाग किंवा बेकायदा, आणि तीव्र पेय परवान्याच्या दुकानात हजर, अशी ही उलटी वाट होती. बेल्जमच्या कायद्याने तीव्र दारूला अडवून सौम्य पेयाला तीव्र केले. मुंबईच्या कायद्याने सौम्य पेयाला अडवून तीव्र दारूला गिऱ्हाईक दिले. दोहोंपैकी दुसऱ्याला आम्ही अधिक दोष देतो, कारण त्याच्या मुळाशी नीतीचा प्रश्नच नव्हता, तिजोरीचा होता.

या तिजोरीची लांबी पोर्तुगीज हद्दीपर्यंत पोचली. १८७८ च्या डिसेंबरात झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये मीठ आणि आबकारी या दोन्ही बाबतींत गोव्याला ब्रिटिश पद्धतीशी जुळवून घ्यावे लागले. तो तह १८९२ साली संपला, पण माडावरचा कर म्हणजे काय हे गोव्याच्या रेंदेराला तोवर पुरते कळून चुकले होते.

सुरत जिल्ह्यात या व्यवस्थेला उत्तर आले ते विधिमंडळातून नव्हे. १९२२ च्या नोव्हेंबरात चौधरी, गामित, धोडिया इत्यादी आदिवासी मोठमोठ्या मांडवांत जमू लागले. पूर्वेकडील डोंगरांतून सलाबाई नावाची देवी आली आहे अशी वार्ता होती, आणि अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून तिच्या आज्ञा प्रकट होत: दारू-ताडी सोडा, मांसमासळी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या व्यापाऱ्यांच्या कामावर जाऊ नका. हे व्यापारी बहुधा पारशी होते, आणि पुष्कळदा तेच सावकार व जमीनदारही. म्हणून या व्रताला देवाचे आणि अर्थकारणाचे अशी दोन्ही अंगे होती. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर ग्रंथ लिहिला आहे. तिचा उगम पालघर किनाऱ्यावरील कोळ्यांच्या देवीच्या साथीसंबंधीच्या विधींत होता असे त्याने दाखविले आहे. १९२३ च्या जानेवारीत शेखपूर येथे जी परिषद भरली तिला वल्लभभाई पटेल आणि कस्तुरबा गांधी उपस्थित होत्या. पुढे काहींनी व्रत मोडले, काहींनी पाळले. पाळणारे ते वर्जेला आणि न पाळणारे सर्जेला, अशी फूट कित्येक गावांत पडली. कोकण-गोव्यात राखणदाराला दारू ठेवण्याची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना देवानेच दारू नाकारणे ही केवढी उलथापालथ होती हे सांगावयास नको.

१९३० साली दांडीनंतर गांधीजींनी याच जिल्ह्यात खजुरीची झाडे तोडण्याची मोहीम सुरू केली. ५ मेच्या मध्यरात्री कराडी येथील झोपडीत त्यांना अटक होईपर्यंत, मिठाइतकाच हाही विषय त्यांच्या तोंडी होता. झाड तोडणे आम्हांस पटत नाही. ज्याचा रस सकाळी गूळ होऊ शकतो त्याला संध्याकाळच्या पापाची शिक्षा कशाला? गांधीजींच्याच ग्रामोद्योगी कार्यकर्त्यांनी पुढे नीरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार केला, हे येथे नमूद केले पाहिजे.

स्वराज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याने मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, द्राक्षमद्य, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेले सर्व द्रव एकत्र घातले. २५ मे १९५१ रोजी मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती व्यापक व्याख्या ग्राह्य धरली. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरील बंदी मात्र रद्द केली. न्यायमूर्ती फझल अली यांचा तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आजही वाचावा असा आहे. पण ताडीकडे पाहिले की त्या व्याख्येची अडचण दिसते. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस ती नीरा. आंबला की ताडी. झाड तेच, माणूस तोच, गाडगेही तेच. मधली सीमा आखतो तो चुन्याचा एक हात आणि डोक्यावर चढणारा सूर्य. कोर्टात रसाची परीक्षा होईपर्यंत रस कोर्टाची वाट पाहत थांबत नाही, ही गोष्ट फौजदारी वकिली करणारास समजावून देण्याची गरज नाही.

१ मे १९६० रोजी सुरत गुजरातेत गेली आणि बंदी कायम राहिली. २०११ पासून तो कायदा गुजरातच्या नावाने ओळखला जातो. बंदीमुळे कित्येक घरे वाचली हे आम्ही नाकारीत नाही, उधन्याच्या यंत्रमाग कामगारांच्या बायकांना विचारले तर त्या ती उठवू नका असेच बहुधा म्हणतील. पण व्याख्येने सौम्य आणि जहाल यांत भेद केला नाही, तेव्हा चोरट्या बाजाराने लपविण्यास सोपे तेच निवडले. आंबट ताडीचे गाडगे मोठे, वासाचे आणि एक दिवस टिकणारे; गाळलेली दारू पिशवीत मावते. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, २०२२ च्या जुलैत बोटाद भागात चाळीसहून अधिक. मिथेनॉलचे ते बळी होते.

ज्यांना परवानगीने प्यावयाचे ते शनिवारी गाडीत बसून दमणला जातात. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अधिकारी आणि पाहुणे यांना ठरावीक उपाहारगृहांत पिण्याची सवलत सरकारने दिली. फ्लँडर्सची काळी आंबट बिअर गुजरातेत कधी कायदेशीर उघडली गेलीच, तर तेथे उघडली जाईल. सुरतेकडे हिवाळ्यात नीरा विकतात ती सकाळी, ऊन वर येण्याच्या आत, आणि खजुरीवर चढणाऱ्याला आजही संध्याकाळी गाडग्याला आतून चुना लावावा लागतो.