कुऱ्हाड आणि गोंदण

मी सरकारी नर्स होते. माझी बरीच नोकरी बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा तहसिलीत गेली. घरची भाषा मराठी. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे आमच्यासारखी घरं इथे नवी नाहीत. किशोरवय १० ते १९ वर्षांचं, हे आमच्या प्रशिक्षणात पाठ करून घेत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची सुई, पुढे आठवड्याला एक लोहाची निळी गोळी. बैगा आदिवासींच्या पाड्यांवर सुया घेऊन गेलं की म्हाताऱ्या बायका हसायच्या. त्यांच्या अंगावर सुयांची अख्खी वही होती.

बैगा मुलीचं गोंदण एका दिवसात उरकत नाही. आधी कपाळ, साधारण आठव्या-नवव्या वर्षी. मग मुलगी वाढेल तसे हात, पाठ, मांड्या, पाय. छाती सगळ्यांत शेवटी, बहुधा लग्नानंतर. गोंदणाऱ्या बादी समाजाच्या बायका. रामतिळाच्या तेलाची काजळी धरायची, चार-पाच सुया एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचं. हे काम पुरुषांच्या नजरेआड चाले. एक आजी मला म्हणाली, “बाई, दागिना चोर नेतो, लुगडं फाटतं. मेल्यावर हेच बरोबर येतं.”

मोठं होण्याच्या या वयावर पुस्तकांतही वाद आहेत. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉलने अमेरिकेत किशोरावस्थेवर दोन जाड खंड १९०४ मध्ये काढले. हा काळ वादळाचा, असं त्याचं म्हणणं. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडने १९२८ मध्ये सामोआ बेटांवरच्या मुलींचा दाखला देऊन ते खोडलं. आमच्या मैकल डोंगरात इंग्रज अभ्यासक व्हेरिअर एल्विन आणि त्याचा मराठी सोबती शामराव हिवाळे १९३२ पासून राहिले. एल्विनचं ‘द बैगा’ १९३९ चं. मला त्यातलं गोंदणापेक्षा बेवारीचं, म्हणजे जंगल जाळून केलेल्या शेतीचं, दुःख जास्त लागलं, कारण मुलग्यांची गोष्ट तिथे आहे.

बैगा मुलगा मोठा व्हायचा तो खांद्यावरच्या कुऱ्हाडीने. झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत कोदो-कुटकी पेरायची. नांगर नाही धरायचा. धरणी ही आई, तिची छाती फाडायची नाही. बापाबरोबर बेवार करताना मुलगा ताकद कमवी, कुठलं झाड कधी वाळतं हे शिके, आणि काय करू नये तेही शिके. शरीर, बुद्धी आणि नीती एकाच कामात. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला, बैहरच्या पठारावर इंग्रज अधिकाऱ्यांनी वैनगंगेकाठचे पोवार शेतकरी आणून वसवले, जंगल सरकारी झालं, बेवारीवर बंदी आली. १८९० मध्ये आजच्या दिंडोरीकडे बैगाचक म्हणून एक तुकडा बेवारीला मोकळा ठेवला. इथल्या पोरांच्या वाट्याला मात्र नांगर आला, नाही तर जंगलखात्याची मजुरी.

म्हणजे बैगा मुलग्याचं मोठं होणं सरकारने एकोणिसाव्या शतकातच मोडलं. मुलीचं राहिलं, कारण कातडीवर जंगलखात्याचा हक्क पोचत नव्हता. माझ्या मते गोंदण इतकी वर्षं टिकलं त्याचं हे कारण श्रद्धेइतकंच मोठं आहे.

ते सैल झालं माझ्या डोळ्यांदेखत. मलाजखंडची तांब्याची खाण १९८२ पासून, तिच्यामागे रस्ते आले, बाजार आला, मुलींची वसतिगृहं आली. वर्गात इतर मुली कपाळाकडे बघतात, म्हणून पोरी नको म्हणू लागल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. आठ वर्षांच्या पोरीला दोघींनी धरून ठेवायचं, तिला विचारायचं नाही, आणि रडली तर हसायचं, यात मला शहाणपण दिसत नाही. पण गोंदलं की आईला, आजीला, सगळ्या पाड्याला कळे की ही आता एक पायरी पुढे गेली. आमच्या रजिस्टरात सोळाव्या वर्षाच्या सुईपुढे नुसती बरोबरची खूण असते.

कान्हाचा वाघ बघायला नागपूर-गोंदियाची मराठी माणसं बैहरवरूनच मुक्कीच्या फाटकाला जातात. वाटेत बैगा म्हातारी दिसली की मोबाइल निघतो. आधी तिला विचारा, आणि फोटो कपाळाचाच घ्या. बाकीचं गोंदण दाखव म्हणून सांगू नका.