उजेडात बसा, लांबून बघा

माझा भाचा अकरावीत होता तेव्हाची गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास माझ्या बहिणीला त्याच्या खोलीतून खाट हलल्याचा आवाज आला. दार ढकलून पाहते तो पोराला आकडी आलेली, आणि पांघरुणात मोबाईल चालूच. त्यावर एका जपानी मालिकेतली तलवारबाजी चालली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. मेंदूचा आलेख काढताना त्याच्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून पाहिला गेला. मग डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. खोलीत दिवा होता का? पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर होता? आणि त्या क्षणी पडद्यावर नेमके काय दिसत होते?

घरी परतताना बहीण म्हणाली, "ह्या मोबायलान माझ्या झिलाचो घात केल्यान. दादा, तू येवढी पुस्तका वाचतस, तूच सांग तेका."

मी सांगायला बसलो नाही, वाचायला बसलो. कुडाळला माझा लहानसा छापखाना आहे. तो सांभाळून गेली वीसएक वर्षे मी पिंगुळीच्या चित्रकथीवर टिपणे काढतो आहे. पदवी, मार्गदर्शक असले काही पाठीशी नाही. जे आहे ते मागवलेल्या पुस्तकांतून आणि देवळांतल्या पायऱ्यांवर बसून मिळवलेले. चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याच्या रिवाजाचा माग काढताना जपानची 'कामिशिबाई' मला आधीच भेटली होती. तिच्यापासून भाच्याच्या मोबाईलपर्यंत रस्ता जातो, हे मात्र त्या रात्रीपर्यंत ध्यानात आले नव्हते.

कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या आसपास टोकियोच्या गल्ल्यांत तिचा सुळसुळाट झाला. माणूस सायकलवरून यायचा. सायकलच्या मागे लाकडी पेटी, तिच्यावर दारे असलेली चौकट. तो लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटून मुले गोळा करायचा आणि आधी गोळ्या-मिठाई विकायचा. विकत घेणारी मुले पुढे, फुकटी मागे. मग चौकटीतली चित्रे एकेक करून बाजूला सरकवत, आवाज बदलत, गोष्ट सांगायचा आणि ऐन लढाईत थांबायचा, पुढचे उद्या. याच काळात बोलपट आले होते आणि मूकपटांना तोंडी निवेदन करणाऱ्या कलावंतांचे पोट गेले होते. त्यांतले काही या सायकलींवर बसले. 'ओगोन बाट', म्हणजे सोनेरी वटवाघूळ, हा कवटीच्या तोंडाचा, अंगरख्याचा नायक याच चौकटीतला. अमेरिकेतला सुपरमॅन १९३८ चा. हा त्याच्याही आधी उडत होता.

इथे माझ्यासारख्या हौशी संशोधकाला एक मोह होतो. व्हिक्टर मेअर यांनी १९८८ च्या 'पेंटिंग अँड परफॉर्मन्स' या ग्रंथात चीनमधल्या चित्रकथनाचे मूळ भारतात असल्याचे मांडले आहे. तेव्हा पिंगुळीपासून टोकियोपर्यंत एक सरळ रेघ ओढून टाकावी, असे वाटते. मी ती ओढणार नाही. कामिशिबाई हे शहरातल्या बेकारीचे आणि सिनेमाच्या सावलीतले अपत्य आहे. आपल्या ठाकर कलावंतांची पोथी देवळात उलगडे. सुट्या कागदांवरची रामायण-महाभारतातली चित्रे एकामागून एक उभी धरली जात आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने कथा चाले. नाते रक्ताचे नाही. पण धंद्याची अडचण एकच: हलत नसलेल्या चित्राने लढाई कशी दाखवायची? पोथीत बाण हवेत थांबलेला असतो. तो सुटतो कथेकऱ्याच्या आवाजात आणि हुडुकाच्या थापेत.

१९५३ मध्ये जपानात दूरचित्रवाणी सुरू झाली. तिला लोक गमतीने 'विजेची कामिशिबाई' म्हणत. पहिल्यांदा तीही रस्त्यावरच होती. चौकात ठेवलेल्या संचांसमोर रिकिदोझान या मल्लाच्या कुस्त्या बघायला गर्दी उसळे. संच घराघरांत गेले तशी सायकलवाल्यांची गिऱ्हाइके घटली. शिगेरू मिझुकी, सानपेई शिराटो यांच्यासारखे कामिशिबाईची चित्रे काढणारे चित्रकार चित्रकथांच्या पुस्तकांकडे वळले, आणि त्या चित्रकथा पुढे पडद्यावर आल्या.

आता मुख्य मुद्दा. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांच्या 'मुशी प्रॉडक्शन'ची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, आणि १९६६ च्या अखेरीपर्यंत १९३ भाग. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी पळते. डिस्नेच्या धाटणीत सेकंदाला १२ ते २४ वेगवेगळी चित्रे लागत. तोएई कंपनीने १९५८ मध्ये 'हाकुजादेन' हा रंगीत अनुबोधपट, चुकलो, अनुबोधपट नव्हे, पूर्ण लांबीचा चित्रपट त्याच श्रीमंती वाटेने केला होता. आठवड्याला एक भाग द्यायचा तर ते परवडणारे नव्हते. तेझुकांनी एकच चित्र तीन चौकटी थांबवले, म्हणजे सेकंदाला ८ चित्रे. बोलताना फक्त ओठ हलवले. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला. उडण्याची, धावण्याची चित्रे जपून ठेवली आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरली.

ही शेवटची युक्ती वाचली तेव्हा मला हसू आले. आमच्या छापखान्यात वडिलांच्या वेळचा गणपतीचा जस्ती ब्लॉक होता. तो तीस वर्षांच्या लग्नपत्रिकांवर छापून झिजला. प्रत्येक यजमानाला तो आपल्यासाठीच केला असे वाटे. गरिबीतल्या कारागिराची ही अक्कल जगभर एकच असते.

पण तिची किंमत कोणीतरी मोजतोच. तेझुकांनी ती मालिका खर्चापेक्षा कमी दरात वाहिनीला दिली. तूट चित्रांच्या वस्तूंच्या परवान्यांतून आणि परदेशी विक्रीतून भरायची, असा हिशेब होता. तो दर पुढे धंद्याचाच पायंडा पडला, आणि चित्रकारांच्या तुटपुंज्या मजुरीचे खापर आजही तेझुकांवर फोडले जाते. १९८९ मध्ये तेझुका वारल्यावर हायाओ मियाझाकी यांनी याच मुद्द्यावर त्यांच्यावर टीका केली. 'मुशी' स्वतः १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मला वाटते, दोष एका माणसाच्या माथी मारणे सोपे आहे. दहा वर्षांनीही तोच दर घेणाऱ्या वाहिन्यांचे काय?

आणि मिठाई? ती सुटली नव्हती. 'आतोमु'ची प्रायोजक मेइजी ही मिठाई-चॉकलेटची कंपनी. गोळ्यांच्या नळकांड्याबरोबर आतोमुची चिकटचित्रे मिळत. त्याच वर्षी 'तेत्सुजिन २८'च्या मागे ग्लिको आणि 'लांडगा-मुलगा केन'च्या मागे मोरिनागा उभी राहिली. दोघीही मिठाईवाल्याच. सायकलवरच्या माणसाचा धंदा कारखान्याने उचलला होता.

कमी चित्रांत मारामारी दाखवायची तर हालचालीऐवजी दुसरे काही द्यावे लागते. कधी वेगाच्या रेघा, कधी डोळ्यांचे जवळून दर्शन, कधी उगारलेली तलवार तशीच गोठवून मागचे आकाश लाल करणे. त्यांतलीच एक क्लृप्ती 'पाका-पाका' नावाने ओळखली जाते: एकाआड एक चौकटीला भडक रंग बदलत राहायचा. चित्र एकच, पण डोळ्यांना स्फोट झाल्यासारखा वाटतो. स्वस्त आणि परिणामकारक.

१६ डिसेंबर १९९७. संध्याकाळी साडेसहाला लागणाऱ्या 'पोकेमॉन'च्या ३८ व्या भागात पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रे फुटतात. तो स्फोट लाल आणि निळ्या रंगांच्या आलटापालटीने दाखवला होता, सेकंदाला सुमारे १२ वेळा, जेमतेम चारपाच सेकंद. देशभरातून ६८५ मुलांना रुग्णवाहिकांतून रुग्णालयात नेले गेले. रात्रीच्या बातम्यांत तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा आणखी काहींना त्रास झाला. बहुतेक मुले लवकर सावरली. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधीच प्रसारित झाला नाही. एप्रिल १९९८ मध्ये एनएचके आणि खासगी वाहिन्यांच्या संघटनेने मिळून लुकलुकणाऱ्या चित्रांवर बंधने घालणारी नियमावली केली. मुलांच्या मालिकांच्या सुरुवातीला एक सूचना येऊ लागली. तिचा आशय असा: खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसून बघा.

डॉक्टरांचे पहिले दोन प्रश्न ते हेच. तिसऱ्याचे उत्तर 'पाका-पाका'.

लांब का? प्रकाशाच्या लुकलुकीने आकडी येण्याचा धोका, पडद्याने नजरेचा किती भाग व्यापला यावर बराच अवलंबून असतो. मी छापखान्यातली पट्टी घेऊन मोजले. आमच्या जुन्या २१ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर. दोन मीटरवरून बघायचा. भाच्याचा मोबाईल आडवा धरला तर साडेतेरा सेंटिमीटर. पांघरुणात तो नाकापासून पंधराएक सेंटिमीटरवर. म्हणजे डोळ्यांच्या हिशेबाने तो मोबाईल आमच्या टीव्हीपेक्षा चौपट रुंद होता. आपण त्याला 'छोटा पडदा' म्हणतो! तोच हात लांब करून चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर व्याप निम्म्याहून कमी होतो.

हातातल्या पडद्यावर मालिका बघणेही जपान्यांना नवे नव्हते. १ एप्रिल २००६ पासून तिथे मोबाईलवर दूरचित्रवाणीचे 'वन-सेग' प्रसारण सुरू झाले. चित्र अवघे ३२० ठिपके रुंद आणि सेकंदाला फार तर १५ चौकटी. डिस्नेच्या रेशमी हालचालीची त्यात चाळण झाली असती. सेकंदाला ८ चित्रांवर वाढलेल्या शैलीचे फारसे काही बिघडत नव्हते. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, तेव्हाही हीच काटकसर कामाला आली असे माझे मत आहे. चित्रफीत पाठवताना प्रत्येक चौकट नव्याने पाठवत नाहीत. आधीच्या चौकटीपेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवतात. पार्श्वभूमी थांबलेली, ओठ तेवढे हलणारे. अशा चित्राला डेटा कमी लागतो. साठ वर्षांपूर्वी कागद आणि रंग वाचवायला काढलेली युक्ती आमच्या डोंगराआडच्या अर्ध्यामुर्ध्या नेटवर्कवर चालते. उलट २०१९ च्या 'डेमन स्लेयर'मधल्यासारखी ज्वाळांची, ठिणग्यांची श्रीमंत लढाई आली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. भाचा मग मोबाईल घेऊन गच्चीवर जातो.

जपानी नियमावली तिथल्या वाहिन्यांच्या प्रसारणासाठी आहे. भाच्याच्या मोबाईलवर मी अकरा भाग बसून पाहिले. उजेडाची आणि अंतराची ती ओळ एकातही दिसली नाही. मी ती मराठीत, छत्तीस पॉइंट टायपात, पिवळ्या कार्डावर छापली आणि त्याच्या खोलीत लावली. बहिणीला मोबाईल काढून घ्यायचा होता. डॉक्टरांनी गोळ्या आणि पुरेशी झोप सांगितली. लुकलुक सुरू झाली की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवायची, हेही शिकवले. रात्री दहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात, या अटीवर तह झाला.

त्यानंतर पुन्हा आकडी आलेली नाही. आता तो संध्याकाळी ओसरीवर बसतो. दिवा लावलेला, मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवून हातभर लांब ठेवलेला. उघड्यावर आला म्हणून शेजारची चारपाच पोरेही येऊन बसतात. त्यांना पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, शिवाय इतक्या लांबून ती दिसतही नाहीत. म्हणून भाचा पुढे सरकून वाचतो आणि आवाज बदलून मालवणीत सांगतो; पदरचे घालतो, ऐन लढाईत थांबवून चहाला उठतो. गेल्या गणपतीत मी वही घेऊन मागे बसलो होतो. त्या दिवशीचा राक्षस "गे बाय माझे" म्हणत मेला.