असुरक्षित साक्षीदारांची साक्ष : देसाईगंज खटल्यापासून साक्ष केंद्रांपर्यंत

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने साक्षीदाराच्या पात्रतेला वयाची अट घातली नव्हती. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारी कोणतीही व्यक्ती, मग ते लहान मूल का असेना, कलम ११८ नुसार साक्ष देऊ शकत असे. वाचा नसलेल्याने खुल्या न्यायालयात लिहून वा खुणांनी दिलेली साक्ष कलम ११९ ने तोंडी पुरावाच मानली. कायद्याचा मजकूर असा उदार होता. परंतु पारख होत असे ती साक्षीदाराची. तो कोणत्या जागेत, कोणासमोर आणि कशा भाषेतील प्रश्नांना तोंड देत आहे, याचा विचार त्यात नव्हता. ही उणीव देशासमोर ठळकपणे आली ती विदर्भातील एका खटल्यामुळे.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात (हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता) एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. आरोपी एक हवालदार आणि एक शिपाई होते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवून दोघांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरविला. भयापोटी पत्करलेली असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरड झाली नाही, या बाबी तेथे निर्णायक ठरल्या. उच्च न्यायालयाला दिसलेली लाचारी सर्वोच्च न्यायालयाला दिसली नाही. मुलीचे मौन हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्यात पोलिसांच्याच तावडीत सापडलेल्या मुलीने मदतीसाठी हाक मारावी तरी कोणाला, हा त्यातील रोखठोक सवाल होता. त्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ ची दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने संमती नाकारली, तर संमती नव्हती असे गृहीत धरणे न्यायालयावर बंधनकारक झाले. असे खटले बंद कक्षात चालू लागले. तथापि दार बंद झाले तरी आत आरोपी होता आणि उलटतपासणीही होती. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे कलम १५५(४) तर डिसेंबर २००२ अखेरपर्यंत टिकले. एकोणीस वर्षांचा हा विलंब समर्थनीय म्हणता येणार नाही.

२००४ च्या 'साक्षी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी दिसू नये म्हणून पडदा आणि उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांमार्फत, संकोच न होईल अशा भाषेत विचारण्याची पद्धत सांगितली. आरोपीचा उलटतपासणीचा हक्क यात कायम राहतो. साक्षीदाराला हैराण करण्याची संधी मात्र कमी होते. हीच दृष्टी २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे पॉक्सोत, उतरली.

पुढचा टप्पाही महाराष्ट्रातील प्रकरणातूनच आला. चौदा वर्षांच्या मूकबधिर व मतिमंद मुलीची साक्षच नोंदविली गेली नव्हती आणि उच्च न्यायालयाने त्याच कारणाने आरोपीला सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अन्य पुराव्याच्या बळावर दोषसिद्धी पुन्हा कायम केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात तीन महिन्यांत किमान दोन साक्ष केंद्रे उभारण्याचा आदेश दिला. या कामाला अपेक्षित गती आली नाही. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने व्याख्या विस्तारली, जीवाला धोका असलेले साक्षीदारही तीत घेतले आणि देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमली.

खोली बांधून होते. प्रशिक्षित दुभाषी सहज मिळत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने कलम ११९ मध्ये दुभाषी वा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण यांची भर घातली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये ती तरतूद आहे. आणि त्याच कलमात, खुणा खुल्या न्यायालयातच केल्या पाहिजेत, ही १८७२ ची अटही कायम आहे.