परदेशवासाचे लाभ व हानि



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी संपादक मंडळाची इच्छा कळली, तेव्हां आम्हीं प्रथम कचेरींतील कपाट उघडून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या बाहेर काढिल्या. कारण कोणत्याहि धर्मग्रामाचा खरा इतिहास त्या वह्यांतच असतो. पानें चाळतां चाळतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. सर्वांत जुन्या पानांवर लॅटिन भाषेंत नोंदी करणारे हात परदेशांतून इकडे आलेल्या मिशनऱ्यांचे आहेत. आणि अलीकडील पानांवर ज्यांचीं नांवें आहेत, त्यांपैकीं पुष्कळजण आज इकडून परदेशीं गेलेले आहेत. हें पाहून आम्हीं ठरविलें कीं, ह्या खेपेस परदेशवासाविषयींच चार शब्द लिहावे.

विषय केवळ पुस्तकी नाहीं. हल्लीं आमच्याकडे दाखला मागावयास येणारा तरुण बहुधा दुबई, कुवेत किंवा कॅनडा येथें जावयास निघालेला असतो. त्याच्या मुद्रेवर उत्साह असतो, आणि त्याच्या मागें दाराशीं त्याची आई उभी असते. दाखला आम्ही त्याच्या हातीं देतों. त्या माउलीच्या हातीं काय द्यावें, हें मात्र आम्हांस कधींच सुचलेलें नाहीं. परदेशवासाचा लाभ जाणाऱ्याच्या पेटींत दिसतो. हानि मागें ओसरीवर बसून राहते. तेव्हां दोन्ही पारडीं समोर ठेवून, इतिहासाच्या साक्षीनें ह्या प्रश्नाचा विचार करूं.

असा विचार करावयास आमच्या नगराइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल. कारण हें नगरच एका परदेशस्थानें वसविलें आहे. मलिक अंबर हा सुमारें १५४८ सालीं हबसाणांत, म्हणजे आजच्या इथियोपिया देशांत जन्मला. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि अरबस्तान व बगदाद येथील बाजारांतून हातोहात फिरत अखेर दक्षिणेंत आला. येथें निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःहि हबशीच होता, त्यानें त्यास विकत घेतलें. धन्याच्या मृत्यूनंतर त्यास मोकळीक मिळाली. पुढें १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां बुडत्या निजामशाहीस ह्याच परक्यानें सावरून धरिलें. आणि १६१० सालीं खडकी नामक लहानशा गांवीं त्यानें नवें नगर वसविलें. १६१६ सालीं मोगल फौजेनें तें उद्ध्वस्त केलें, तरी त्यानें तें पुन्हां उभें केलें. जमीन व पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत दक्षिणेंत दीर्घकाळ नांवाजली गेली. पण नगरवासी त्याचें नांव घेतात, तें मुख्यतः पाण्यासाठीं. डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरींतून त्यानें शहरांत खेळविलें. तीच नहर-ए-अंबरी होय.

ह्या मनुष्यास परदेशवासानें काय दिलें? गुलामाचा राज्यधुरंधर केला. आणि काय घेतलें? आईबाप, जन्मभाषा, फार काय, जन्मनामहि घेतलें. कारण अंबर हें नांवसुद्धां धन्यानें ठेविलेलें होतें. शिवाय इतकीं वर्षें येथें राहूनहि त्याचा परकेपणा शत्रूंनीं त्यास विसरूं दिला नाहीं. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत त्याच्या काळ्या वर्णावरून त्यास वारंवार हिणविलें आहे. १६२६ सालीं तो निवर्तला. त्याची कबर खुलताबादेस आहे. हबसाण त्यानें पुन्हां पाहिलें नाहीं.

अंबरानंतरहि परकी माणसें येथें येतच राहिलीं. पाणचक्कीपाशीं चिरविश्रांति घेत असलेले बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याच्या बाजूनें आलेले सूफी होत. मुसाफिर म्हणजे प्रवासी. पुढें त्यांच्या मठाशीं उभारलेल्या चक्कीवर दळलेलें पीठ फकीर व वाटसरू ह्यांच्या मुखीं पडत असे. स्वतःस प्रवासी म्हणविणारा हा पुरुष १७१५ सालापासून, म्हणजे तीनशें वर्षांहून अधिक काळ, एकाच ठिकाणीं स्वस्थ आहे, आणि त्याच्या उशाशीं पाणी वाहत आहे!

आतां आमच्या ख्रिस्ती परंपरेकडे वळूं. अंबराच्याच वयाचा, सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत जन्मलेला, एका व्यापाऱ्याचा पुत्र थॉमस स्टीफन्स हा त्याच भूमीकडे निराळ्या वाटेनें आला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथोलिक श्रद्धेनें राहणें संकटाचें झालें होतें. १५७५ सालीं रोम येथें तो येशूसंघांत दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गलबतांत बसला, आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचला. हिंदुस्थानांत राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. पोंचल्यावर थोड्याच दिवसांनीं त्यानें पित्यास प्रवासाचें सविस्तर पत्र लिहिलें. तें पुढें इंग्लंडांत छापून निघालें व आजहि उपलब्ध आहे. परंतु तें वाचून पित्याच्या मनास काय वाटलें, तें मात्र कोणीं छापिलें नाहीं.

फादर स्टीफन्स चाळीस वर्षें येथें राहिले. १५८३ सालीं राल्फ फिच प्रभृति इंग्रज व्यापारी गोव्यांत कैद झाले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं फादर स्टीफन्स ह्यांनीं खटपट केली. देशबांधवास अडचणींत हात देणें हें परदेशस्थाचें पहिलें कर्तव्य त्यांनीं पाळिलें. पण ते देशबांधवांतच गुरफटून राहिले नाहींत. कोंकणी व मराठी ह्या भाषा त्यांनीं इतक्या आत्मसात् केल्या कीं, कोंकणीचें व्याकरण लिहिलें, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें. खडकी ज्या सालीं उद्ध्वस्त झाली, त्याच १६१६ सालीं तें राचोल येथें प्रसिद्ध झालें. १६१९ सालीं ते गोव्यांतच कैवल्यवासी झाले. स्वभाषा मागें टाकून आलेल्या ह्या पुरुषानें आमच्या भाषेस जें दिलें, तें तिच्या पोटीं जन्मलेल्या आम्हांपैकीं किती जणांनीं दिलें आहे?

हे इकडे आलेले. इकडून गेलेल्यांचीहि उदाहरणें आहेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीं जपानांत गेले. तेथें व्यापारांत त्यांचा जम बसला व जपानी भाषा त्यांस उत्तम अवगत झाली. पुढें ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत शिरले, आणि १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. ज्या भाषेनें पैसा मिळविला, तीच त्यांनीं आतां दीनदुबळ्यांच्या सेवेस लाविली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रुसावर देह ठेवावा लागला. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. तसेच गोव्यांतील बाणावलीचे संत जोसेफ वाझ. डच सत्तेखालीं सिलोनांतील कॅथोलिक लोक धर्मगुरूवांचून पोरके झाले आहेत, हें ऐकून ते १६८७ सालीं गरीब मजुराच्या वेषानें तिकडे गेले. कँडी येथें पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांस बंदींत टाकण्यांत आलें. तरी तामिळ व सिंहली भाषांतून ते लोकांशीं बोलत राहिले, आणि देवीच्या सांथींत ज्यांस आप्तांनींहि टाकिलें होतें, त्यांची शुश्रूषा करीत राहिले. १७११ सालीं कँडी येथेंच त्यांचा अंत झाला. २०१५ सालीं कोलंबो येथें त्यांस संत म्हणून घोषित करण्यांत आलें. ह्या दोघांपैकीं स्वगृहीं परत कोणीच आला नाहीं.

पण सर्वच परदेशस्थ असे नव्हते, हें सत्याला स्मरून सांगितलें पाहिजे. परका जेव्हां सत्तेच्या खांद्यावर बसून येतो, तेव्हां तो भाषा शिकत नाहीं, भाषा मोडूं पाहतो. गोव्यांत सासष्टींतील देवळें पाडलीं गेलीं, त्याच क्षोभांत १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीयांचे प्राण गेले. आणि १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारानें तर ख्रिस्ती जनांनीं तीन वर्षांत देशभाषा सोडावी असा हुकूम काढिला. फादर स्टीफन्स ह्यांच्या पश्चात् साठ-पासष्ट वर्षांतच हें घडावें, हें दुर्दैव होय. ज्या भूमीनें आश्रय दिला तिचाच तिरस्कार करणारा परदेशस्थ स्वतःस व तिला दोघांनाहि दरिद्री करितो.

आतां आमच्या वहींतील लॅटिन नोंदींकडे परत येऊं. आमच्या भागांत श्रद्धेचें बीज पेरणाऱ्यांत संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाच्या मिशनरी संघाचे धर्मगुरु अग्रणी होते. हा संघ १८३८ सालीं आल्प्स पर्वताच्या कुशींतील सॅव्हॉय प्रांतांत, ॲनसी येथें, फादर मेर्मिए ह्यांनीं स्थापिला. १८४५ सालीं त्याचे पहिले मिशनरी हिंदुस्थानास निघाले. पुढें नागपूर व तेथून मराठवाडा असें कार्य वाढत गेलें. घोगरगांवासारख्या खेड्यांतून ह्या संघाच्या धर्मगुरूंनीं आमच्या आजोबा-पणजोबांच्या घोंगडीवर बसून त्यांची भाषा उच्चारावयास शिकून घेतली. १९७७ सालीं अमरावती धर्मप्रांतांतून आमचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तो ह्याच पायावर. परंतु एक लक्षांत घ्या. १८४५ सालीं जे पहिले मिशनरी निघाले, ते सार्डिनियाच्या राजाचे प्रजाजन होते; १८६० सालीं सॅव्हॉय प्रांत फ्रान्सला जोडला गेला. ते इकडे असतांना त्यांचा देशच तिकडे बदलला!

परदेशवासाची ही सर्वांत सूक्ष्म हानि होय. मनुष्य समजतो कीं, आपण सोडिलेलें घर आहे तसें वाट पाहत आहे. परंतु घर थांबत नाहीं. आमचें नगर खडकीचें फतेहनगर, फतेहनगराचें औरंगाबाद, आणि २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. त्यापूर्वीं परदेशीं गेलेला आमचा तरुण ज्या नांवाच्या गांवाहून निघाला, त्या नांवाच्या गांवीं आज तो परत येऊं शकत नाहीं.

ढोबळ हानीहि आहेतच. परभूमीवरील घर कितीहि पक्कें असो, त्याचा पाया दुसऱ्याच्या मर्जीवर असतो. १९७२ सालीं युगांडांतील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याची आज्ञा झाली. त्यांत गोमंतकीय कुटुंबेंहि पुष्कळ होतीं. १९९० सालीं कुवेतवर इराकनें आक्रमण केलें, तेव्हां दीड लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें; आयुष्याची कमाई तिकडेच राहिली. तथापि लाभहि नाकारूं नये. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं स्वदेशीं धाडलेली रक्कम १०० अब्ज डॉलरांहून अधिक होती. आमच्याच धर्मग्रामांत कित्येक घरांवर पक्कें छप्पर, कित्येक बहिणींचें शिक्षण व विवाह त्या पैशानें झालेले आहेत. जो तरुण कुटुंबासाठीं उन्हांत राबतो, त्यास लोभी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परंतु एक प्रसंग आम्ही विसरूं शकत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं दफनभूमींत एका वृद्धेचा अंत्यविधि आम्ही करीत होतों. पुत्र दूर देशीं होता. रजा मिळाली नव्हती. एका नातलगानें मोबाइल शवपेटीसमोर धरिला होता, आणि त्यांतून तो मुलगा म्हणाला, "फादर, माझ्या वांट्याची मूठभर माती तुम्हीच द्या." आम्हीं ती दिली. त्या दिवशीं आम्हांस समजलें कीं, दाराशीं उभ्या असलेल्या आईस काय द्यावें, ह्या प्रश्नाचें उत्तर धर्मग्रामानें ती जिवंत असतांनाच शोधावयास हवें होतें.

पवित्र शास्त्रांत यिर्मया संदेष्ट्यानें बाबिलोन येथें नेलेल्या निर्वासितांस एक पत्र लिहिलें आहे. घरें बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरांत तुम्ही आहां त्याचें कल्याण चिंता, असा त्याचा आशय आहे. अंबर, मुसाफिर, स्टीफन्स, गोन्सालो व वाझ ह्या सर्वांनीं, कळत वा नकळत, तेंच केलें. म्हणून आमचा निर्णय असा: परदेशवास स्वतः चांगलाहि नाहीं व वाईटहि नाहीं. ज्या भूमीवर मनुष्य राहिला तेथें त्यानें पाणी ठेविलें काय, आणि जी भूमि त्यानें सोडिली तेथील तहानलेल्यांची सोय लाविली काय, ह्या दोन प्रश्नांवर त्याचा हिशेब होईल.

जाणाऱ्यांस आमची विनंति, कीं पैशाबरोबर आवाजहि पाठवा, आणि मुलांस मराठींत "आमच्या बापा" म्हणावयास शिकवा. राहणाऱ्यांस विनंति, कीं ज्या घरीं म्हातारीं एकटीं आहेत, तेथें मिस्सेनंतर घटकाभर बसा. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं अशा घरांची यादी करून आळीपाळीनें जाण्याची व्यवस्था आम्ही करीत आहों. आणि केरळ, झारखंड किंवा आफ्रिका येथून शिक्षणासाठीं वा पोटासाठीं आमच्या नगरांत आलेला कोणी मागल्या बांकावर एकटा दिसला, तर त्यास पुढें बोलवा. आमचे पहिले धर्मगुरुहि कोणे एके काळीं असेच अनोळखी चेहऱ्यानें येथें उतरले होते.

असो. स्वतः बालपणीं मिसर देशांत परदेशवास सोसलेला ख्रिस्तप्रभु गेलेल्यांचें व राहिलेल्यांचें सारखेंच रक्षण करो, हीच आमची प्रार्थना.