पंपावरचा आकडा आणि नीराकाठचा ऊस : ऑक्टेनची शंभर वर्षे

१/ लोणंदहून साताऱ्याकडे निघाले की सालपे घाट लागतो. कार्ब्युरेटरची जुनी मोटार वरच्या गिअरमध्ये हा चढ चढू लागली आणि डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज इंजिनातून आला, तर जाणता मेकॅनिक म्हणतो, "इंजिन नॉक करतंय." पेट्रोल पंपावरच्या ९१, ९५, ९७, १०० या आकड्यांचा सारा इतिहास या एका आवाजापासून सुरू होतो.

२/ हा आवाज का येतो? स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये शिस्तीने पुढे सरकत जावी, अशी अपेक्षा असते. पण पुढचे मिश्रण दाब व उष्णता सोसू शकले नाही, तर ज्वाला पोचण्यापूर्वीच ते आपोआप भडकते. दाबाच्या त्या धक्क्याने धातू खणखणतो. हे दीर्घकाळ चालले तर पिस्टन निकामी होतो.

३/ ऑक्टेन म्हणजे हा दाब सोसण्याची इंधनाची क्षमता. तिचा इंधनाच्या 'ताकदीशी' थेट संबंध नाही. पिस्टन मिश्रणाला मूळ आकारमानाच्या किती पटीने दाबतो, ते कॉम्प्रेशन रेशो सांगतो. तो जितका जास्त, तितकी जास्त शक्ती त्याच पेट्रोलमधून मिळते. मात्र तितकेच सोशिक पेट्रोलही लागते.

४/ पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली या नॉकिंगच्या मागे लागले. उपाय दोन सापडले. एक जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला : मद्यार्क. खुद्द मिजली यांनी १९२० मध्ये मद्यार्कमिश्रित इंधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दुसरा उपाय ९ डिसेंबर १९२१ रोजी प्रयोगशाळेत हाती आला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग.

५/ मद्यार्क कोणत्याही शेतमालापासून कोणालाही गाळता येतो. त्यावर एका कंपनीची मक्तेदारी टिकणे कठीण. शिसे मात्र एका गॅलनला अवघे काही घनसेंटिमीटर पुरे, आणि त्याचे हक्क राखून ठेवता येत होते. पारडे शिशाकडे झुकले. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात असे पेट्रोल प्रथम विकले गेले.

६/ त्याची किंमत लगेच दिसली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन पाच कामगार दगावले. मे १९२५ च्या सरकारी परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी शिशाच्या वापराला कडाडून विरोध केला. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली.

७/ मोजपट्टीही याच सुमारास आली. ग्रॅहम एडगर यांनी आयसोऑक्टेन या सोशिक द्रवाला १०० आणि हेप्टेन या चटकन भडकणाऱ्या द्रवाला ० गुण दिले. ९१ ऑक्टेन पेट्रोल म्हणजे, ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके नॉकिंग रोखणारे पेट्रोल. त्यात ९१ टक्के ऑक्टेन असते, हा निव्वळ गैरसमज.

८/ प्रत्येक काळातले इंजिन त्या काळच्या इंधनाच्या मापाने घडते. युद्धकाळात आणि त्यानंतर १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये 'पूल' नावाचे एकच सरकारी पेट्रोल मिळे. त्याचे ऑक्टेन जेमतेम सत्तरच्या घरात. म्हणूनच १९४८ ची जॅग्वार एक्सके १२० ही वेगवान स्पोर्ट्स कार ८ किंवा ७ अशा दोन कॉम्प्रेशन रेशोंत देऊ केली गेली. पुढे इंधन सुधारले आणि १९६२ च्या एमजीबीचा आकडा ८.८ वर गेला.

९/ पण त्याच एमजीबीचे कमी कॉम्प्रेशनचे इंजिनही बनत होते. म्हणजे बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन मोटारींची गरज वेगळी असू शकते. खूण इंजिनवरच कोरलेली असे : एमजीच्या इंजिन क्रमांकात एच किंवा एल हे अक्षर, जॅग्वारच्या क्रमांकाच्या शेवटी ७, ८ किंवा ९. जुन्या मोटारीला कोणते पेट्रोल, याचे पहिले उत्तर बॉनेटखाली मिळते, पंपावर नाही.

१०/ आता भारताकडे. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' आला. साखर कारखान्यांच्या मळीपासून मोटारीचे इंधन करण्याचा विचार त्यात होता. तरीही पुढची पन्नास वर्षे पंपांवर राज्य केले ते शिसेयुक्त पेट्रोलने. साधे ८७ ऑक्टेनचे, उंची ९३ चे.

११/ दरम्यान शिशाचे विष धुरावाटे हवेत साठत राहिले. त्याचा सर्वांत मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूवर बसतो, हे संशोधनाने सिद्ध झाले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिसे गेले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ही विक्री २०२१ मध्ये थांबली.

१२/ जुन्या इंजिनाला मात्र शिशाचा एक उपयोग होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसे आणि धातूची झीज रोखली जाई. शिसे गेल्यावर, विशेषतः सतत वेगात धावणाऱ्या गाडीत, ही बैठक झिजू लागते. ऑक्टेन वाढवून हा दोष जात नाही. इंजिन उघडले जाईल तेव्हा कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवणे, हाच पक्का इलाज.

१३/ शिशाची जागा कोणी घ्यायची? लोणंद ज्या पुणे–मिरज लोहमार्गावर आहे, त्याच्या शेवटच्या टोकाला उत्तराचा एक धागा सापडतो. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे तीन पथदर्शी प्रकल्प देशात सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते : मनमाड आणि मिरज. २००३ मध्ये ही योजना महाराष्ट्रासह नऊ राज्यांत गेली.

१४/ नीरा–कृष्णेच्या खोऱ्यात हे घडणे स्वाभाविक होते. लोणंदजवळ पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. फलटणच्या वाटेवर साखरवाडी आहे. गावाचे नावच कारखान्यावरून पडलेले. उसापासून मळी, मळीपासून मद्यार्क, आणि त्या मद्यार्काचे ऑक्टेन सुमारे १०८. डेटनमध्ये मागे पडलेला उपाय ऐंशी वर्षांनी उसाच्या फडातून परत आला.

१५/ आज देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे आणि त्याचे ऑक्टेन ९५ ठरवलेले आहे. आकडा पाहिला, तर कित्येक जुन्या मोटारींना ते पुरून उरते. अडचण आकड्याबाहेर आहे. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि बुचाचे गॅस्केट खराब करते, हवेतला ओलावा शोषते, आणि त्याला हवा कमी लागत असल्याने जुन्या मापाच्या जेटवर कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा धोका वाढतो.

१६/ मग निवड कशी करावी? कॉम्प्रेशन रेशो ८ च्या खाली असेल, तर साधे पेट्रोल बहुधा पुरते. १०० ऑक्टेनवर खर्च करून शक्ती वाढत नाही. तो ९ च्या आसपास असेल, तर ९७ किंवा त्यापुढचे पेट्रोल सुरक्षित. अंतिम परीक्षा घाटात, कानाने. तरीही आवाज आलाच, तर इग्निशन टायमिंग किंचित मागे घ्यावे.

१७/ दोन सावधगिऱ्या. आजच्या अमेरिकी पंपावरचा आकडा वेगळ्या रीतीने काढतात; तिथले ८७ म्हणजे साधारण इथले ९१. आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ असल्याने नॉकिंग कमी होते. तिथे शांत चाललेले इंजिन वाईला उतरल्यावर कुरकुर करू शकते.

१८/ उंची पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे ऑक्टेनच्या आकड्यावरून कळत नाही. ते पंपावर विचारूनच घ्यावे लागते. सत्तर ऑक्टेनच्या काळात घडलेले ७ कॉम्प्रेशनचे इंजिन आजचे साधे पेट्रोल निमूटपणे पचवते. त्याच गाडीचा सत्तर वर्षांचा रबरी पाइप मात्र ते पचवू शकत नाही. म्हणून आधी पाइप बदलावा, आकड्याची चिंता नंतर.