काजळीचे बळ

मोटारीच्या धावा काळ्या का, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. त्या नेहमीच काळ्या असतील असे आपण धरून चालतो. परंतु मोटारयुगाच्या आरंभी त्या पांढरट असत. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ केले, आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. तरीही रस्त्याची घासाघीस सोसण्याचे पुरेसे बळ त्या रबराला आले नव्हते. त्यात जस्ताचे ऑक्साइड मिसळीत. रंग पांढरट दिसे तो त्यामुळे.

१९०४ साली लंडनजवळील सिल्व्हरटाउन येथील रबराच्या कारखान्यात एस. सी. मोट यांना आढळून आले की, रबरात काजळी घोटली असता ते कितीतरी अधिक चिवट होते. काजळी म्हणजे शाईचे द्रव्य, अशीच तोवर तिची ख्याती. पुढे अमेरिकेतील कारखान्यांनी ही युक्ती उचलली आणि जगातील चाके काळी झाली. आज धावेच्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग काजळीचाच असतो.

हे बळ येते कोठून? काजळीचे मूळ कण काही दशक नॅनोमीटर रुंदीचे असतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण जितके सूक्ष्म, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग विस्तीर्ण. अशा एका ग्रॅम काजळीचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरपर्यंत भरतो. त्याला रबराचे लांबलचक रेणू ठिकठिकाणी बिलगतात, आणि फाटत जाणाऱ्या चिरेला पावलोपावली अडथळा होतो.

हेच तत्त्व १९८० नंतरच्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी मातीला लावले. माँटमोरिलोनाइट या मातीच्या कणात, पोथीच्या पानांसारखे, एकेक नॅनोमीटर जाडीचे असंख्य पापुद्रे असतात. नुसती माती कालवून ते सुटत नाहीत. म्हणून संशोधकांनी त्या पापुद्र्यांमधील सोडियम काढून तेथे एक अमिनो आम्ल बसविले, मग नायलॉनचा कच्चा माल आत शिरविला आणि तेथेच त्याचे नायलॉन घडविले. वाढत्या साखळ्यांनी पापुद्रे दूर लोटले. शेकडा पाचांहूनही कमी मातीने नायलॉनची ताकद सुमारे दीडपट झाली. भाराखाली ते सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वाकत असे, ते १४० च्या पुढे टिकू लागले. मोटारीच्या यंत्रातील पट्ट्याचे झाकण त्यापासून तयार झाले.

तथापि या सूक्ष्मतेची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. कण एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे झाले, तर चीर तेथूनच सुरू होते आणि पदार्थ उलट दुबळा होतो. शिवाय रबरात घट्ट बसलेली काजळी वेगळी आणि कारखान्याच्या हवेत उडणारी वेगळी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने काजळीची गणना माणसास कर्करोगकारक असण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत केली आहे. धावेचे आयुष्य वाढविणारी ही धूळ ती घोटणाऱ्या कामगाराच्या श्वासात जाता कामा नये, हेही या विद्येचेच एक अंग समजले पाहिजे.