ढोल आणि तायको : पानशेत खोऱ्याच्या संदर्भात एक तौलनिक विचार

‘तायको’ या जपानी शब्दाचा अर्थ मुळात ढोल एवढाच आहे. जपानबाहेर मात्र हा शब्द अनेक वादकांनी लहानमोठे ढोल घेऊन रंगमंचावर केलेल्या सामूहिक वादनासाठी रूढ झाला. असा प्रयोग प्रत्यक्ष ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला नाद परका वाटत नाही; ओदाइको या महाढोलाचा पहिला ठोका कानाआधी छातीत उतरतो, हा अनुभव त्याला मिरवणुकीतून परिचित असतो. परकी वाटते ती प्रेक्षागृहातील शांतता. आपल्याकडे ढोल ऐकायला कोणी खुर्चीवर बसत नाही. हा फरक स्वभावाचा नसून इतिहासाचा आहे, आणि तो तपासण्यासाठी पुण्याच्या पश्चिमेचे पानशेत खोरे उपयुक्त ठरते.

तायकोची प्राचीनता सर्वत्र सांगितली जाते. देवालयांतील उत्सव, दरबारी संगीत आणि रणांगण या तिन्ही ठिकाणी जपानात ढोल होताच. शिवकालीन कारखान्यांत नगारखान्याला जे स्थान होते, त्याच्याशी रणढोलाची तुलना सहज करता येईल. परंतु आज रंगमंचावर दिसणारा समूहप्रकार प्राचीन नाही. नागानो प्रांतातील दाइहाची ओगुची हे जाझ संगीतातील ड्रमवादक. त्यांनी देवालयातील जुन्या वादनाची मांडणी वेगवेगळ्या आकारांच्या ढोलांसाठी नव्याने केली आणि १९५१ मध्ये ओसुवा दाइको हे पथक उभे केले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने या प्रकाराला मोठी प्रसिद्धी मिळाली. म्हणजे परंपरा म्हणून जे ऐकले जाते, त्याचे वय अवघे पाऊणशे वर्षांचे आहे.

याच काळात पानशेतला वेगळे काही घडत होते. तोरणा-राजगडाच्या परिसरातील आंबी आणि मोसे या नद्यांची खोरी म्हणजे जुने मावळ. तोरण्याची मेंगाई, शिरकोलीची शिरकाई अशा दैवतांभोवती येथील गावांचे वार्षिक जीवन फिरत असे, आणि ढोल हा यात्रेचा, पालखीचा भाग होता. त्याला स्वतंत्र श्रोता नव्हता. जो वाजवी आणि जो नाचे, तोच ऐके. आंबी नदीवरील धरणाचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुणे शहर पाण्याखाली आले. पुणेकरांच्या स्मृतीत ‘पानशेत’ हा शब्द त्या प्रलयाचाच राहिला. खोऱ्याच्या लेखी मात्र पाणी एका दिवसात ओसरले नाही. धरण पुन्हा बांधले गेले, पुढे मोसे नदीवर वरसगाव झाले. शेते आणि गावठाणे जलाशयात गेली आणि अनेक कुटुंबे दौंडसारख्या पूर्वेकडील तालुक्यांत हलविली गेली. हमालीसाठी आणि गिरण्यांसाठी मुंबईची वाट त्याआधीच रुळली होती. यात्रेसाठी माणसे परत येत. परंतु रोजचे गाव विरळ होत गेले. धरणग्रस्तांच्या इतिहासात जमिनीचा मोबदला मोजला जातो, वाद्याचा नाही. ते स्वाभाविक असले तरी अपुरे आहे.

जपानातही खेडी ओस पडत होती. तेथील उत्तर विशेष उद्‌बोधक आहे. देन तागायासू यांनी साडो या बेटावर ओंदेकोझा हे पथक १९७० च्या सुमारास स्थापन केले, त्यामागे शहराकडे गेलेल्या तरुणांना बेटाकडे वळविण्याचा विचार होता. पथकातील मुले एकत्र राहत आणि रोज मैलोगणती धावत. १९७५ मध्ये बोस्टनची मॅरेथॉन संपवून त्यांनी लगेच ढोल वाजविला. तागायासू वेगळे झाल्यावर उरलेल्या मंडळींनी १९८१ मध्ये ‘कोदो’ हे नाव घेतले आणि पहिला प्रयोग बर्लिनला केला. तरीही मुक्काम साडोवरच ठेवला. १९८८ पासून तेथे भरणाऱ्या त्यांच्या महोत्सवाला परदेशातून श्रोते येतात. ढोल जगभर फिरला, पण पत्ता बेटाचा राहिला.

मावळातील ढोलाचा प्रवास उलट दिशेने झाला. मुळशी-वेल्ह्याकडची ढोल-लेझीम पथके गणेशोत्सवासाठी पुण्यात येत. आप्पासाहेब पेंडसे यांच्या ज्ञान प्रबोधिनीने हे वादन शहरी विद्यार्थ्यांपर्यंत नेले. पुढे इतर शाळांची आणि मग स्वतंत्र पथके निघाली. ढोलाचे टिपरू मुलींच्या हाती आले, ही त्यातील मोठी जमेची बाजू मानावी लागेल. परंतु या ढोलाला आता ‘पुणेरी’ हे विशेषण लागले. आता राजगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्याचा उल्लेख त्यात क्वचितच होतो. पानशेतचे पाणी आणि पानशेतचा ढोल, दोन्ही शहराला मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही.

तुलनेत एक अवघड बाब टाळता येत नाही. ढोल कातड्याचा असतो. जपानात चर्मकाम करणाऱ्या बुराकू समाजाला अस्पृश्य मानले गेले. त्याने मढविलेला ढोल देवळात चाले, तो स्वतः मात्र दूर ठेवला जाई. ओसाकाच्या नानिवा भागातील याच वस्तीत १९८७ मध्ये तरुणांनी ‘इकारी’ म्हणजे क्रोध या नावाचे तायको पथक काढले. महाराष्ट्रात कातडे कमावणारा ढोर समाज आणि हलगी वाजविणारा मातंग समाज यांचा अनुभव वेगळा नव्हता. ढोल-ताशाचे गुणगान करणाऱ्या आपल्या लेखनात हे प्रकरण जवळजवळ कोरे आहे.

पुण्यातील चर्चा सध्या आवाजाभोवती फिरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये पथकातील वादकांवर तीसची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. युक्तिवाद दोन्ही बाजूंनी शहराच्याच नावाने झाला: एकाने शहराच्या आरोग्याचा, तर दुसऱ्याने शहराच्या परंपरेचा दाखला दिला. ज्या खोऱ्यांतून हा ढोल आला, त्यांच्या यात्रा मात्र धरणकाठच्या उरलेल्या गावांत आजही भरतात.